ड्रिल चक घेण्याआधी टेलस्टॉकचं तोंड मोजा

पोळा जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यात लाकडी बैलांच्या कामाला वेग येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा असतो. लेकरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत निघतात. एका बैलाला चार चाकं आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध एक भोक. हे भोक हातड्रिलनं अंदाजे पाडलं तर ते बाजूला सरकतं, चाक लंगडतं आणि बैल हेलकावे खात चालतो. तेच भोक लेथवर पाडलं तर मध्य शोधावाच लागत नाही, कारण लाकूड स्वतःच्या मध्याभोवतीच फिरत असतं.

म्हणून या दिवसांत सुतारबांधव, खराद चालवणारे कातारी आणि घरी छोटी लेथ घेतलेले हौशी वाचक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: "लेथसाठी ड्रिल चक कोणता घेऊ?" बहुतेकांची अडचणही सारखीच असते. दुकानदारानं माप विचारलं, तुम्ही "१३ मि.मी." सांगितलं, त्यानं १३ मि.मी.चा चक दिला आणि घरी आल्यावर तो टेलस्टॉकमध्ये बसलाच नाही. चूक दुकानदाराची नव्हती, तुमचीही नव्हती. १३ मि.मी. हे बिटाचं माप आहे. चक तुमच्या मशीनवर बसेल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

एक गोष्ट मनात पक्की धरा. लेथवरच्या ड्रिल चकला दोन जोड असतात. पहिला जोड टेलस्टॉक आणि आर्बर यांचा, दुसरा आर्बर आणि चक यांचा. आर्बर म्हणजे चकच्या पाठीत बसणारा निमुळता दांडा. हे दोन जोड जुळले की बाकीची निवड सोपी आहे. ते जुळले नाहीत तर महागातला महाग चकही कामाचा नाही.

चक तुम्हाला खरंच लागतो का?

पैसे घालण्याआधी स्वतःला हे विचारा.

- मध्यातलं, लांबीच्या दिशेचं भोक हवं आहे का? बैलाची चाकं, मुठी, पेन, मीठ-मिऱ्याच्या डब्या, फुलदाणी, दिव्याचा खांब अशा कामांना टेलस्टॉकमधला चक लागतो.
- भोक आडवं आहे का? पलंगाच्या पायाला पाटीचं भोक किंवा देव्हाऱ्याच्या खांबाला कठड्याचं भोक असेल तर ते काम स्टँडवरच्या ड्रिलचं आहे. त्यासाठी लेथचा चक घेऊ नका.
- तुमच्या खरादीच्या टेलस्टॉकला पोकळ नळी आहे का? आपल्याकडे अँगल-लोखंड आणि जुनी मोटर जोडून केलेल्या पुष्कळ खरादींना मागे फक्त टोक काढलेला बोल्ट असतो. त्यात निमुळतं भोकच नसतं. अशा मशीनवर कोणताही तयार चक बसणार नाही. आधी टेलस्टॉक बदला, नाहीतर ही भोकं ड्रिल स्टँडवर पाडा. बोल्टला चक वेल्ड करण्याच्या फंदात पडू नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं दोघांचा मध्य हमखास हलतो.

पायरी १: टेलस्टॉकचं तोंड मोजा

टेलस्टॉकमधलं सेंटर काढा. हँडल उलटं फिरवत नळी पूर्ण आत घेतली की बहुतेक मशीनवर ते आपोआप सुटून बाहेर येतं. मग नळीच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजा. व्हर्नियर नसेल तर चांगल्या स्टीलच्या पट्टीनंही फरक कळतो, कारण मापं एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

- सुमारे १२ मि.मी. असेल तर मोर्स टेपर १, म्हणजे एमटी-१
- सुमारे १७.८ मि.मी. असेल तर एमटी-२
- सुमारे २३.८ मि.मी. असेल तर एमटी-३

बाजारातल्या बहुतेक छोट्या आणि मध्यम लाकडाच्या लेथना एमटी-२ असतो. अगदी लहान, पेन कातण्याच्या लेथना एमटी-१ असू शकतो. जुन्या, जड किंवा लोखंडकामाच्या लेथवरून बदल करून घेतलेल्या मशीनला एमटी-३ सापडतो. "बहुतेक" या शब्दावर भरवसा ठेवून खरेदी करू नका, मोजा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तुमचं रिव्हॉल्व्हिंग सेंटर कापडात गुंडाळून दुकानात न्या. ते तुमच्या मशीनमध्ये घट्ट बसतं, म्हणजे त्याच्या दांड्यासारखाच आर्बर तुम्हाला हवा. अमरावती-नागपूरपर्यंत जाऊन रिकाम्या हाती परत यायचं नसेल तर हे एवढं जरूर करा.

आर्बर घेताना आणखी दोन गोष्टी ठरवायच्या आहेत.

- मागे चपटी जीभ असलेला की आटे पाडलेला? चपट्या जिभेचा आर्बर फक्त टेलस्टॉकसाठी ठीक आहे. हाच चक कधीतरी हेडस्टॉकमध्येही लावण्याचा विचार असेल, तर मागच्या टोकाला आतून आटे असलेला आर्बरच घ्या. का, ते पुढे येईल.
- लांबी किती? जीभवाला आर्बर काही टेलस्टॉकमध्ये खोलवर जाऊन मागच्या स्क्रूला टेकतो, त्यामुळे नळीची चाल कमी होते. उलट फार आखूड आर्बर असेल तर नळी मागे घेतल्यावर तो आपोआप सुटत नाही. तुमच्या सेंटरच्या दांड्याइतकीच लांबी असेल तर दोन्ही अडचणी टळतात.

पायरी २: चकच्या पाठीवरची अक्षरं वाचा

चकच्या मागच्या बाजूला किंवा अंगावर रोमन लिपीत बारीक अक्षरं कोरलेली असतात. तिथे बिटाचं माप असतं, आणि त्याच्या शेजारी चकच्या पाठीतल्या भोकाची जात. दुसऱ्या जोडाची सगळी माहिती त्या दोन-तीन अक्षरांत आहे.

- बी-१२, बी-१६, बी-१८: यांच्या मोठ्या टोकाचे व्यास अनुक्रमे सुमारे १२.१, १५.७ आणि १७.८ मि.मी. हे मोर्स टेपरचेच आखूड तुकडे आहेत. १३ मि.मी.च्या चकला बी-१६ फार वेळा दिसतो.
- जेटी-३३, जेटी-६: जेकब्स टेपर. मोठ्या टोकाचे व्यास सुमारे १५.९ आणि १७.२ मि.मी.
- आटे: अर्धा इंच व्यास आणि इंचाला २० आटे, किंवा तीन-अष्टमांश इंच आणि इंचाला २४ आटे. हातड्रिलचे चक याच मापांचे असतात.

आता इथला खड्डा बघा. बी-१६ चं तोंड १५.७ आणि जेटी-३३ चं १५.९. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पण उतार वेगळा आहे. बी-१६ साधारण २० मि.मी. लांबीला १ मि.मी. निमुळता होतो, तर जेटी-३३ साधारण १६ मि.मी.तच १ मि.मी. होतो. एकाचा आर्बर दुसऱ्याच्या चकात घातला तर तो तोंडाशी किंवा तळाशी टेकतो, मधे पोकळ राहतो आणि दाब आला की डुलतो. मी स्वतः हा घोटाळा केला आहे. दुकानात हातानं बसवून पाहिला, बसला, म्हणून घेतला. घरी ८ मि.मी.च्या बिटानं पाडलेलं भोक तोंडाशी इतकं मोठं झालं की आस त्यात खुळखुळायला लागला. दोन दिवस मी टेलस्टॉकलाच दोष देत होतो.

म्हणून आर्बर आणि चक एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून, जुळवूनच घ्या. चकवर बी-१६ असेल तर आर्बरवर "एमटी-२, बी-१६" असं दोन्ही टोकांचं माप हवं. पहिला शब्द तुमच्या मशीनचा, दुसरा तुमच्या चकचा.

चक आणि आर्बर एकाच अखंड घडणीचे असलेले नगही मिळतात. त्यात दुसरा जोडच नसतो, म्हणून तो सुटण्याची भीती नाही, आणि लांबीही थोडी वाचते. तुमची लेथ एकच आहे आणि बदलणार नाही, अशी खात्री असेल तर हा पर्याय उत्तम. उद्या एमटी-३ ची मोठी लेथ घ्यायचा विचार असेल तर सुटा आर्बर बरा. तेव्हा फक्त आर्बर बदलला की काम भागतं.

पायरी ३: किती मि.मी.चा चक?

चक १० मि.मी.चा, १३ चा आणि १६ चा मिळतो. मोठं ते चांगलं, असं इथे नाही.

- १३ मि.मी.: बहुतेकांसाठी हाच योग्य. फोर्स्टनर बिट ५० मि.मी.चा असला तरी त्याचा दांडा सहसा १० किंवा १३ मि.मी.च्या आत असतो. चक दांडा धरतो, बिटाची थाळी नव्हे.
- १६ मि.मी.: जाड दांड्याची गिरमिटं किंवा मोठे बिट रोज वापरणाऱ्यांसाठी. तो जड आणि लांब असतो. शिवाय यातले काही चक ३ मि.मी.पेक्षा बारीक बिट धरतच नाहीत.
- १० मि.मी.: एमटी-१ च्या लहान लेथवर, पेन-मुठींच्या कामाला पुरतो.

कमाल मापाइतकंच किमान मापही वाचा. "१ ते १३" आणि "३ ते १६" यांत फरक आहे. मुठीत स्क्रूसाठी २ मि.मी.चं आधीचं भोक पाडायचं असेल तर दुसरा चक तुमच्या कामाचा नाही.

पायरी ४: चावीचा की बिनचावीचा?

चावीचा चक आखूड, स्वस्त आणि पकडीला घट्ट असतो. मोठा फोर्स्टनर बिट कठीण सागात शिरताना दांड्याला जोराचा पीळ बसतो. तिथे चावीनं आवळलेली पकड विश्वासाची. चावी एकाच भोकात न आवळता तिन्ही भोकांत फिरवून आवळा. पकड तिन्ही जबड्यांवर सारखी बसते आणि बिट घसरत नाही. चावी हरवणं ही याची एकमेव मोठी अडचण. मशीनजवळ ठरलेल्या खिळ्याला ती लटकवा.

बिनचावीचा चक हातानं आवळता येतो. बिट वारंवार बदलावे लागत असतील, म्हणजे आधी ४, मग ८, मग २५ मि.मी., तर वेळ वाचतो. चांगल्या प्रतीचा असेल तर कापताना पडणाऱ्या पिळानं तो आपसूक आणखी घट्ट होतो. पण तो लांब असतो, आणि मशीन उलट दिशेनं चालवलं तर सैल पडू शकतो. हलक्या प्रतीच्या बिनचावीच्या चकपेक्षा साधा चावीचा चक केव्हाही बरा. पैसे मोजके असतील तर डोळे झाकून चावीचा घ्या आणि उरलेल्या पैशांत दोन चांगले बिट घ्या.

पायरी ५: लांबीचा हिशोब आधी करा

लहान लेथ घेतलेल्यांची इथे फसगत होते. समजा, तुमच्या लेथच्या दोन सेंटरांमधलं अंतर ३५० मि.मी. आहे. आता मांडून बघा.

- लाकूड धरणारा चार जबड्यांचा चक: सुमारे ७० मि.मी.
- लाकूड: १२० मि.मी.
- ड्रिल चकची टेलस्टॉकबाहेरची लांबी: सुमारे ९० मि.मी.
- बिटाचा चकबाहेरचा भाग: १०० मि.मी.

बेरीज ३८० झाली, म्हणजे मशीन अपुरं पडलं. मागे टेलस्टॉक सरकवायलाही थोडी जागा लागते, ती वेगळीच. अशा वेळी आखूड चक, अखंड घडणीचा चक किंवा आखूड बिट यांपैकी एक निवडा. तुमच्या मशीनची मापं कागदावर मांडा आणि मगच चकची लांबी ठरवा.

हातड्रिलचा जुना चक चालेल का?

हा प्रश्न फार येतो, आणि उत्तर "हो, काळजी घेऊन" असं आहे. जळालेल्या हातड्रिलचा चक फेकू नका. त्याच्या पाठीत सहसा अर्धा इंच, २० आट्यांचं भोक असतं. एका टोकाला एमटी-२ आणि दुसऱ्या टोकाला तेच आटे असलेला आर्बर मिळतो. तो लावला की कमी खर्चात काम सुरू होतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हातड्रिलच्या चकचा मध्य कमी अचूक असतो, म्हणून पेनासारख्या बारीक कामाला तो नको. शिवाय जुना चक काढताना जबडे पूर्ण उघडून आत बघा. आत स्क्रू दिसला तर तो उलट आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून काढायचा. नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर त्याचं डोकं खराब होतं.

आपल्याकडच्या टर्नरकडून आर्बर कातून घेण्याचा मार्गही आहे. मात्र निमुळतेपणा तपासून घ्या. आर्बरवर लांबीच्या दिशेनं पेन्सिलच्या तीन रेघा ओढा, टेलस्टॉकमध्ये हातानं दाबून थोडा पीळ द्या आणि बाहेर काढा. रेघा सगळ्या लांबीत सारख्या पुसल्या असतील तर टेपर बरोबर. एकाच टोकाला पुसल्या असतील तर परत करा.

दुकानातच करायच्या चाचण्या

1. जबडे पूर्ण बंद करा. तिन्ही टोकं एका बिंदूत मिळाली पाहिजेत, एक पुढे-एक मागे नको.
2. जबडे पूर्ण उघडा आणि बंद करा. मधे कुठे अडकणं, खरखर किंवा ढिलेपणा नको.
3. चावी तिन्ही भोकांत सारखी बसते का, दाते पूर्ण अडकतात का, ते पाहा.
4. आर्बर चकात हातानं दाबून बसवा आणि डोलवून बघा. जराही खुळखुळ नको.
5. आर्बरवर बोट फिरवा. खाच, गंज किंवा उंचवटा असेल तर तो नग नाकारा. निमुळत्या जोडात एक बारीक उंचवटाही मध्य बिघडवतो.

घरी आणल्यावर: बसवणं आणि पारखणं

नव्या चकवर गंज रोखणारं ग्रीस असतं. आर्बरची दोन्ही टोकं, चकची पाठ आणि टेलस्टॉकची नळी स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडी करा. निमुळता जोड घर्षणानं धरतो. तिथे तेल लावलं तर तो घसरणारच.

चकचे जबडे पूर्ण आत घ्या, चक लाकडाच्या ठोकळ्यावर उभा ठेवा आणि आर्बरवर लाकडी हातोड्याचा एक ठाम ठोका द्या. जबडे बाहेर ठेवून ठोकलं तर ते दुखावतात. टेलस्टॉकमध्ये बसवताना नळी किमान २५ मि.मी. बाहेर काढून घ्या. नळी पूर्ण आत असेल तर मागचा स्क्रू आर्बरला ढकलत राहतो आणि तो कधीच घट्ट बसत नाही. "माझा चक सारखा सुटतो" म्हणणाऱ्या कित्येकांचं कारण एवढंच असतं.

आता मध्य पारखा. हेडस्टॉकमध्ये टोकाचं सेंटर लावा, चकात सरळ, नवा बिट धरा आणि दोन्ही टोकं जवळ आणा. ती समोरासमोर आली तर उत्तम. आली नाहीत तर चक टेलस्टॉकमधून काढून अर्धा वळसा फिरवून परत बसवा.

- चूक फिरून दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष चक, आर्बर किंवा बिटाचा आहे. दुसरा सरळ बिट लावून खात्री करा आणि नग बदलून घ्या.
- चूक जागच्या जागी राहिली, तर दोष टेलस्टॉकचा आहे. चक बदलून उपयोग नाही, टेलस्टॉक सरळ करून घ्या.

ही पाच मिनिटांची चाचणी केली नाही, तर चांगला चक परत करून वाईट मशीन तसंच ठेवण्याची वेळ येते.

पहिलं काम: बैलाची चाकं

चार चाकं वेगवेगळी कापून प्रत्येकाला भोक पाडू नका. सुमारे ६० मि.मी. व्यासाचा एकच गोल दांडा काता, लांबीच्या दिशेनं मधोमध एकच भोक पाडा, आणि मग १५-१५ मि.मी.ची चाकं कापून काढा. चारही चाकांचा मध्य आपोआप जुळतो. चार चाकांचे ६० आणि मधल्या तीन कापांचे ३-३ धरले तर ६९ मि.मी. खोल भोक लागतं. ८ मि.मी.चा नेहमीचा ट्विस्ट बिट साधारण ११७ मि.मी. लांब असतो आणि त्याची पन्हळ ७५ मि.मी. म्हणजे चार चाकं ही एका दमाची मर्यादा समजा.

1. दांड्याचं तोंड सपाट काता आणि कातणीच्या टोकानं मध्यात छोटा खळगा करा. बिट तिथे शिरतो, भटकत नाही.
2. टेलस्टॉक पाट्याला आवळा. बिट पुढे नेण्याचं काम फक्त हँडलनं करा.
3. ८-१० मि.मी.च्या बिटाला मिनिटाला १००० च्या आसपास फेरे ठीक. सागासारख्या लाकडात २५ मि.मी.च्या फोर्स्टनरला ५०० च्या आसपास आणि ५० मि.मी.ला २५०-३०० पुरे. तुमचं मशीन इतकं हळू चालत नसेल तर मोठं भोक बिटानं न पाडता कातणीनं कोरा.
4. दर १०-१५ मि.मी.ला बिट मागे घेऊन भुसा काढा. सागात सिलिका असते, ती धार लवकर मारते. धूर आला की समजा, धार गेली आहे किंवा भुसा अडकला आहे.
5. बिट मागे घेताना डावा हात चकवर ठेवा. टेलस्टॉक पुढे दाबतो तोवर टेपर घट्ट असतो. मागे ओढताना मात्र तो सुटू शकतो, आणि सुटलेला चक बिटासकट लाकडाबरोबर गरगर फिरू लागतो. तसं झालंच तर हातानं धरायला जाऊ नका, आधी स्विच बंद करा.

या चुका टाळा

- कागद, पत्रा किंवा टेप गुंडाळून टेपर घट्ट करणं. मध्य जातो आणि नळी कायमची खराब होते. आर्बर एमटी-२ चा आणि मशीन एमटी-३ चं असेल तर मधे बसणारा तयार स्लीव्ह घ्या. मशीनच लहान असेल तर स्लीव्हनं काम होणार नाही, आर्बर बदलावा लागेल.
- आर्बर नळीत घसरत असताना काम चालू ठेवणं. तो फिरला की नळीच्या आत ओरखडे पडतात आणि मग कोणतंच सेंटर नीट बसत नाही. घसरल्याची चाहूल लागताच थांबा. बिटाला धार लावा, दाब कमी करा, टेपर पुसून पुन्हा बसवा.
- ड्रिल चक हेडस्टॉकमध्ये नुसताच खोचणं. तिथे पुढून दाब नसतो, थरथरीनं टेपर सुटतो आणि फिरता चक बाहेर पडतो. लावायचाच असेल तर आटे असलेल्या आर्बरला स्पिंडलच्या पोकळीतून लांब बोल्ट लावून मागून आवळा.
- ड्रिल चकात लाकूड धरून कातणं. त्याचे तीन अरुंद जबडे सरळ दाबासाठी आहेत, कातणीच्या आडव्या रेट्यासाठी नाहीत. लहान मुठी कातायला कोलेट चक किंवा चार जबड्यांचा चक घ्या.
- चावी चकमध्ये विसरणं. टेलस्टॉकमध्ये चक फिरत नाही म्हणून ही सवय लागते, आणि हेडस्टॉकमध्ये तीच चावी गोळीसारखी सुटते. चावी खिळ्याला अडकवल्याशिवाय हात स्विचकडे जाऊ देऊ नका.
- वीज गेल्यावर स्विच चालू ठेवणं. गावात लोडशेडिंग आहे. वीज येताच मशीन आपोआप सुरू होतं, आणि तेव्हा तुमचा हात बिटाजवळ असू शकतो. वीज गेली की पहिलं काम स्विच बंद करणं. वीज परत आल्यावर आपोआप सुरू न होणारा स्टार्टर मिळतो, तो बसवून घ्या.
- गळ्यात दुपट्टा, हातात मोजे, लांब बाह्या. फिरत्या लाकडाजवळ यांतलं काहीही नको. डोळ्यांवर चष्मा मात्र हवा.

बिल घ्या, हक्क माहीत ठेवा

"मी तर धंद्यासाठी घेतलं, मी ग्राहक कसा?" असा समज पुष्कळ कारागिरांचा आहे, आणि त्यामुळे ते गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूनं केलेली खरेदी वगळली आहे हे खरं. पण स्वतःच्या स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. स्वतः लेथवर बसून कमावणारा सुतार हा ग्राहक आहे.

- पक्कं बिल घ्या आणि त्यावर दोन्ही मापं लिहून घ्या, उदाहरणार्थ "ड्रिल चक १-१३ मि.मी., बी-१६, आर्बर एमटी-२ सह". नुसतं "चक १ नग" असं बिल असेल तर चुकीचा नग दिल्याचं सिद्ध करणं अवघड.
- ऑनलाइन घेताना पानावरचं वर्णन आणि मापं यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ घ्या.
- ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार सोडवायची आहे.
- तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा.
- शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करा.

अवजारांसाठी मदत

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार आहेत, आणि बाहुल्या व खेळणी करणारेही आहेत. म्हणजे तान्ह्या पोळ्याचे बैल परंपरेनं करणारे कारागीरही अर्ज करू शकतात. मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज, अशी तिची रचना आहे. वय १८ पूर्ण हवं, एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, आणि सरकारी नोकर व त्यांच्या कुटुंबीयांना तो मिळत नाही. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रावर होते, आणि गावात पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. चालू अटी केंद्रावर विचारून घ्या.

दुकानात जाताना खिशात हा कागद ठेवा

- टेलस्टॉकच्या तोंडाचा व्यास: ____ मि.मी., म्हणजे एमटी-____
- माझ्या सेंटरच्या दांड्याची लांबी: ____ मि.मी.
- सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक बिटाचा दांडा: ____ आणि ____ मि.मी.
- चकला मिळणारी जागा: ____ मि.मी.
- हेडस्टॉकमध्ये लावणार का: हो / नाही
- चक आणि आर्बरवरचं जोडाचं माप सारखं आहे का: हो / नाही

या सहा ओळी भरल्या की दुकानात तुम्हाला "कोणता चांगला?" असं विचारावं लागणार नाही. तुम्हीच सांगाल: "एमटी-२ चा आर्बर, बी-१६, १ ते १३ चा चक, चावीवाला." आणि तो घरी आणून टेलस्टॉकमध्ये ढकलाल तेव्हा तो एकदाच, घट्ट बसेल. मग तान्ह्या पोळ्याला तुमच्या अंगणातून निघालेला बैल सरळ रेषेत चालेल.